कंपनी चांगली आहे ना?

आमच्या पाचोऱ्यात स्थळाची चौकशी करण्याची एक रीत आहे. मुलाचा पगार मागाहून विचारतात; आधी विचारतात, "घराणं कसं आहे?" घराणे चांगले निघाले की अर्धे लग्न ठरल्यातच जमा. मग मुलगा काय करतो, डोक्यावर कर्ज किती, वडिलांच्या शेतीत वाटेकरी किती, हे विचारणे म्हणजे उगाच खोदून काढणे, असे मानले जाते. लग्नाच्या बाबतीत ही रीत कितपत बरी, ते ज्याचे त्याने ठरवावे. पण अलीकडे हीच रीत लोक शेअरांच्या बाबतीतही चालवू लागले आहेत.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी शेअरबाजारात मुहूर्ताचे सौदे होतात. त्याच्या आधी आठ-दहा दिवस माझ्याकडे माणसे येऊ लागतात. कोणी बोनसचे पैसे घेऊन येतो, कोणी कापसाचे, कोणी निवृत्तीच्या रकमेतले थोडे. दारातच विचारतात, "अमुक कंपनी चांगली आहे ना?" भाव काय, नफा किती, देणे किती, हे कोणी विचारत नाही. मी सरळ 'हो' म्हणत नाही, म्हणून दोन-चार मंडळी माझ्यावर रुसून आहेत. त्यांच्या समाधानासाठी, आणि दिवाळी अंकात जागा जरा ऐसपैस मिळते म्हणून, यंदा या सदरात तेवढ्या एका प्रश्नाचाच विचार करू.

उदाहरणासाठी मुंबईला जायला नको. आपल्या जळगाव जिल्ह्यातच दोन मोठी उदाहरणे आहेत. खरे तर तीन.

पाचोऱ्याहून अमळनेर लांब नाही. रेल्वे तेवढी सरळ नाही. आम्ही मुंबईच्या लाइनीवर आणि ते सुरतेच्या. तेव्हा एस. टी.नेच गेलेले बरे. या गावात एके काळी मोठे नाव एकच होते, श्रीमंत प्रताप शेठ यांचे. त्यांची कापडाची गिरणी, त्यांच्या नावाचे हायस्कूल, त्यांच्या नावाचे कॉलेज. तत्त्वज्ञान मंदिरासारखी संस्था तालुक्याच्या गावी उभी राहिली, तीही त्यांच्याच आश्रयाने. साने गुरुजी शिक्षक होते ते प्रताप हायस्कूलमध्येच. अशा गावात १९४६ साली एखाद्या कारकुनाने शंभर रुपये हातात धरून विचारले असते, "कंपनी कोणती चांगली?" तर पाराखाली बसलेल्या शहाण्या माणसांनी त्याला गिरणीकडेच बोट दाखवले असते.

त्या वेळी गावात दुसरी एक कंपनी नुकतीच निघाली होती. २९ डिसेंबर १९४५ रोजी नोंदलेली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या लांबलचक नावाची. मालक महंमद हाशम प्रेमजी, तांदळाचे मोठे व्यापारी. पण अमळनेरला परकेच. माल काय, तर शेंगदाण्याच्या तेलापासून केलेले वनस्पती तूप आणि पुढे त्याच्या जोडीला ७८७ नावाचा धुण्याचा साबण. आता वनस्पती तुपाची त्या काळची अब्रू काय होती, हे आजच्या तरुण वाचकांना सांगायला हवे. गांधीजींचा त्याला विरोध होता. ते विकू द्यावे की नाही, निदान त्यात रंग तरी घालावा की नाही, यावर देशभर वाद चालू होता. घरोघरच्या आजीबाई ते सणाच्या स्वयंपाकाला शिवू देत नसत. 'डालडा' हा शब्द खोट्या, बेगडी वस्तूला लावायची शिवी होऊन बसला होता. म्हणजे मालक बाहेरचा, धंदा नवा आणि मालाचे नाव वाईट. घराणे पाहून मुलगी देणाऱ्याने या घरी चहासुद्धा घेतला नसता.

पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. गिरणी बंद पडली. ती एकटीच नव्हे. जळगावची खानदेश मिलही बंद पडली आणि आज तिच्या जागेवर दुकानांचे संकुल उभे आहे. प्रताप शेठजींचे नाव मात्र कॉलेजच्या कमानीवर अजून आहे, आणि ते आदरानेच घेतले जाते. त्यांच्या नावाला कोठेही डाग लागला नाही. तरीपण नाव उरले म्हणून गिरणीच्या भागांचे कागद काही कामाला आले नाहीत. आणि ती तुपाची कंपनी? ती म्हणजे आजची विप्रो.

विप्रोच्या भागांचा हिशेब खानदेशात रामरक्षेसारखा पाठ असणारे लोक आहेत. तो खोटा नाही, म्हणून येथे मांडतो. १९८० साली ज्याच्याजवळ शंभर रुपये दर्शनी किमतीचे शंभर भाग होते, म्हणजे दर्शनी दहा हजार रुपयांचे कागद होते, त्याला १९८१ साली एकास एक बोनस मिळाला. पुढे पुन्हा पुन्हा मिळत गेला. शंभराचा भाग दहाचा झाला, १९९९ साली दहाचा दोनाचा झाला. २०१० च्या बोनसनंतर शंभराचे ९६ लाख भाग झाले होते. त्यानंतर २०१७, २०१९ आणि २०२४ चे बोनस धरले तर ५ कोटी १२ लाख. भागाला दोनशे रुपये भाव धरा, म्हणजे रक्कम हजार कोटींच्या वर जाते. वाचणाऱ्याची छाती दडपावी असाच हा आकडा आहे.

येथे एक खुलासा केलाच पाहिजे. बोनस म्हणजे कंपनीने कोठून तरी आणून वाटलेले धन नव्हे. एका भाकरीचे दोन तुकडे केले म्हणून पोट जास्त भरत नाही. अमळनेरकरांचे भाग्य उजळले ते तुकडे वाढले म्हणून नव्हे, तर प्रत्येक वेळी तुकडे करीपर्यंत भाकरीच परातीएवढी झालेली असे म्हणून. तुपावरून साबण, साबणावरून संगणक असा हा प्रवास आहे, आणि तो अमळनेरच्या पारावरच काय, मुंबईच्या दलालपेठेतही १९८० साली कोणाला दिसत नव्हता.

मग अमळनेरच्या ज्या घरांनी ते कागद जपून ठेवले त्यांनी काय पाहिले होते? मला विचाराल तर त्यांतल्या बहुतेकांनी विशेष काही पाहिले नव्हते. कारखाना गावात होता. शेंगदाण्याच्या गाड्या फाटकातून आत जाताना दिसत. शेजारचा कोणी तरी तेथे कामाला असे. लाभांशाचा कागद वेळेवर येई. भाग विकायचे म्हटले तर मुंबईचा दलाल गाठायला हवा. तेवढी यातायात करण्यापेक्षा ते ट्रंकेत राहू देणे सोपे होते. यात मला त्यांची हेटाळणी करायची नाही. घराजवळची वस्तू डोळ्यांसमोर असली की माणूस घाबरून विकत नाही, हा मोठाच फायदा आहे. पण त्यांना दूरदृष्टी होती असे म्हणून नव्या मंडळींनी त्यांचा कित्ता गिरवू नये. गिरणीचे कागद ट्रंकेत ठेवणाऱ्यांनीही तेच केले होते.

आणि ज्यांनी विकले त्यांचे काय? १९८५-८६ साली भाग विकून एखाद्याने मुलीचे लग्न केले असेल, कोणी घरावर स्लॅब टाकला असेल. चहाच्या टपरीवर अशांना हसणारे लोक मी पाहिले आहेत. मला ते हसणे आवडत नाही. शेअर शेवटी कशासाठी घ्यायचा? अडल्या वेळी विकता यावा म्हणूनच ना? त्या बापाची मुलगी सुखाने नांदली असेल, तर त्याचा व्यवहार पुरा झाला. भाग न विकता मुलीला घरात बसवून ठेवली असती, तर आज आपण त्याला शहाणा म्हटले असते काय?

पण नाव आणि भाव यांची गाठ किती सैल असते, याचा याच कंपनीचा आणखी एक दाखला आहे. २००० सालच्या फेब्रुवारीत विप्रोचा भाव दहा हजार रुपयांच्या आसपास जाऊन पोचला होता. पुढच्या वर्षी तो हजारापर्यंत उतरला. या दीड वर्षात कंपनीने कोणाला फसवले नव्हते, कारखाने जळाले नव्हते, मालक तेच होते. उलट २००० च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या बाजारातही तिची नोंद झाली. म्हणजे नाव वाढले आणि भाव एक दशांश झाला. त्या फेब्रुवारीत ज्याने "कंपनी चांगली आहे ना?" म्हणून विचारले आणि "फारच चांगली" असे ऐकून पैसे घातले, त्याला खोटे कोणीच सांगितले नव्हते. तरीही त्याला वर्षानुवर्षे वाट पाहत बसावे लागले.

तर मग भागधारकाने पाहावे तरी काय? येथे मला १९६६ सालची हकीकत आठवते. ती अनेकांनी लिहिली आहे. महंमद हाशम प्रेमजी त्या ऑगस्टात अचानक वारले. मुलगा अझीम एकवीस वर्षांचा, अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकत होता. शिक्षण टाकून परतला. भागधारकांच्या सभेत एक भागधारक उठला आणि तोंडावर म्हणाला, की तुझ्यासारख्या पोराला ही कंपनी चालवता यायची नाही, तू आपले भाग जाणत्या माणसाच्या हाती देऊन मोकळा हो. त्या गृहस्थाचे भाकीत चुकले, म्हणून लोक हा किस्सा हसत हसत सांगतात. मला मात्र त्या गृहस्थाचे कौतुक वाटते. आपण थोड्याशा भागांचे का होईना पण मालक आहोत, आणि मालकाने विचारायचे ते विचारले पाहिजे, हे त्याला कळत होते. तो घराण्यावर विसंबून गप्प बसला नाही.

दुसरे पाहायचे ते हे, की मोठा मालक आणि आपण एकाच पंगतीला बसलो आहोत की नाही. विप्रोमध्ये प्रेमजींच्या घराकडे आणि त्यांच्या संस्थांकडे मिळून सत्तर टक्क्यांहून अधिक भाग राहिले आहेत. बोनस निघाला तर त्यांना ज्या प्रमाणात, त्याच प्रमाणात अमळनेरच्या शिक्षकाला. २०२० साली कंपनीने चारशे रुपयांनी आणि २०२३ साली ४४५ रुपयांनी आपलेच भाग परत विकत घेतले, तेव्हा दोन लाख रुपयांपर्यंतच्या लहान भागधारकांसाठी नियमाप्रमाणे पंधरा टक्के वाटा राखलेला होता. मालकाने आपल्या वाट्याचे पुढे दान केले, ही गोष्ट वेगळी. ते त्याच्या ताटातले आहे. वाढप्याने पंगतीत दुजाभाव केला की नाही, एवढेच आपण पाहायचे.

आता दुसरे उदाहरण, आणि ते लिहिताना हात जरा जड होतो.

पाचोऱ्याहून जळगावला निघाले की म्हसावदनंतर शिरसोली स्टेशन लागते. त्या बाजूच्या टेकड्यांवर जैन इरिगेशनचा पसारा आहे. भवरलाल जैन हे जामनेर तालुक्यातल्या वाकोदचे. आमच्या पाचोऱ्याहून जामनेरला जी छोटी 'पी. जे.' गाडी २०२० पर्यंत धावत होती, त्या मुलखातला हा माणूस. १९६३ साली सात हजार रुपयांवर रॉकेलचा धंदा सुरू केला, पुढे पाइप केले आणि मग ठिबक सिंचन घरोघर, म्हणजे शेतोशेती, पोचवले. आज खानदेशात केळीच्या बागेत शिरलात तर पायाखाली नळ्या लागतील. त्यांतल्या किती याच कारखान्यातून आल्या असतील, ते शेतकऱ्यालाच विचारा. या कंपनीच्या नावाबद्दल आमच्याकडे दुमत नव्हते, आजही नाही. २०१६ साली भवरलालजी गेले तेव्हा जिल्हा हळहळला, ते काही वरवरचे नव्हते.

असे असूनही २०१० च्या सुमारास दोनशे रुपयांच्या वर असलेला या कंपनीचा भाग २०२० च्या मार्चात पाच रुपयांच्याही खाली गेला. २०१९ साली कंपनीला कर्जाचे हप्ते फेडता आले नव्हते. २०२२ साली सावकार बँकांशी बोलून देण्याची नवी घडी बसली. परदेशातला सिंचनाचा व्यवसाय २०२३ साली रिव्ह्युलिस या कंपनीत विलीन झाला, आणि गाडी रुळावर येऊ लागली.

पाइप वाईट निघाले होते काय? नाही. येथेच समजून घेण्याची गोष्ट आहे. ठिबकाला सरकारी अनुदान असते. शेतकऱ्याला संच आज बसवून द्यायचा, त्याचा काही पैसा शेतकऱ्याकडून आणि बराचसा सरकारकडून यायचा. सरकारी पैसा किती दिवसांनी येतो, हे ज्याने सरकारी कचेरीत एकदा तरी बिल टाकले आहे त्याला सांगायला नको. तोवर कारखाना चालवायचा तर बँकेचे कर्ज. नाव जितके चांगले तितकी मागणी जास्त. मागणी जितकी जास्त तितके येणे जास्त. येणे जितके थकते तितके कर्ज आणि व्याज वाढते. कंपनीने पुढे उधारीची ही पद्धत बदलायचा प्रयत्नही केला. पण मधल्या काळात वाढीसाठी काढलेले कर्ज डोक्यावर होतेच. चांगल्या नावाने गिऱ्हाईक आणले. व्याजाचा आकडा काही त्या नावाने कमी झाला नाही.

आणि कंपनी अडचणीत आली की पैसे मिळण्याची रांग ठरलेली असते. कामगार, बँका, सरकार, माल पुरवणारे, आणि सर्वांच्या मागे, दारापाशी चपलांजवळ उभा असतो तो भागधारक. मालक म्हणवतो, पण पंगत उठल्यावर उरले तर त्याला. म्हणून शेतकऱ्याने "कंपनी चांगली आहे ना?" असे विचारले तर उत्तर वेगळे असते, कामगाराने विचारले तर वेगळे, आणि भागधारकाने विचारले तर आणखी वेगळे. तिघांनाही खरे उत्तर देता येते, आणि ती तीन उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत.

पुरस्कारांवरही कोणी जाऊ नये. हैदराबादच्या सत्यम कंपनीला २००८ साली उत्तम कारभाराबद्दल सोनेरी मोराचे बक्षीस मिळाले होते. ७ जानेवारी २००९ रोजी तिच्या अध्यक्षांनी स्वतःच पत्र लिहून हिशेब खोटे असल्याचे कळवले, आणि त्या एका दिवसात भावाचे तीन चतुर्थांशांहून अधिक मोल उडाले. नावातच सत्य होते. आणखी काय हवे होते?

तेव्हा कोणी माझ्याकडे आले की मी वार्षिक अहवाल आणायला सांगतो. बायको वाण्याची यादी तपासते तेवढ्याच बारकाईने त्यातली दोन पाने पाहावीत. कंपनीचे लोकांकडून येणे किती, आणि ते दरवर्षी विक्रीपेक्षा जोराने वाढते आहे काय? देणे किती, आणि नफ्यातला किती भाग व्याजातच जातो? मालकाने आपले भाग कोठे गहाण ठेवले आहेत काय, हेही हल्ली जाहीर करावे लागते. एवढ्याला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. हे सांगितले की अर्धे लोक दुसऱ्या दिवशी येत नाहीत, सराफाकडे जातात. जळगावच्या सोन्याचे नाव आहेच.

याहून साधी एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे मात्र कोणाचेच लक्ष नसते. आमच्या आळीत एका दिवंगत मास्तरांच्या पत्नी राहतात. सारे त्यांना माई म्हणतात. मास्तरांनी फंडातले पैसे काढून मुंबईच्या एका जुन्या कंपनीचे काही भाग घेतले होते. गेल्या श्रावणात माईंनी ते कागद माझ्यापुढे ठेवले. थोरला मुलगा पुण्यात. तो म्हणतो कंपनी नामांकित आहे, विकायचे नाहीत. धाकटा नाशकात, तो म्हणतो भाव चढला आहे, विकून वाटणी करू. दोघांत फोनवर कडाक्याचे भांडण झाले, रक्षाबंधनाला बहिणीकडेही दोघे वेगवेगळ्या वेळी गेले.

कागद पाहिले तर त्यांवरचा पत्ता भडगावचा, मास्तर नोकरीत होते तेव्हाचा. पाचोऱ्याला बिऱ्हाड हलवले तेव्हा कंपनीला कळवायचे राहून गेले. लाभांशाचे कागद परत जात राहिले. सात वर्षे सलग लाभांश कोणी घेतला नाही, की २०१३ च्या कायद्याप्रमाणे ते भाग सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे जमा होतात. मास्तरांचे भाग तसेच गेले होते. दोघे भाऊ जे ठेवावे की विकावे म्हणून भांडत होते, ते हातात नव्हतेच.

हे ऐकून माई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे बुडाले का, भाऊ?"

बुडाले नाहीत. ते परत मागता येतात. कंपनीकडून हक्काचे पत्र घ्यायचे, मग निधीकडे ठरावीक फॉर्म भरायचा. त्याला सरकारी फी नाही. मधले दलाल मात्र रकमेतला चांगलाच हिस्सा मागतात. त्यांच्या नादी लागू नये. भाग मिळतील ते कागदावर नव्हे, डीमॅट खात्यात. १ एप्रिल २०१९ पासून कागदी भाग दुसऱ्याच्या नावे विकता येत नाहीत. वारसाची कागदपत्रे लागतात, आणि तेथे गाडी अडली. सर्टिफिकेटवर मास्तरांचे नाव वडिलांच्या नावासह संपूर्ण आहे, आधारकार्डावर आद्याक्षरे; माईंचे माहेरचे नाव एका कागदावर तसेच राहिलेले. त्यासाठी प्रतिज्ञापत्र करावे लागले, आणि दोन्ही मुलांची व मुलीची संमती हवी.

मसुदा तयार आहे. स्टॅम्पपेपर मी आणून ठेवला आहे. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तिघेही सह्या करायला येणार आहेत. धाकट्याने सकाळची गाडी सांगितली आहे, थोरला रात्रीच पोचेल.